तुम्ही कुठले नाईक?

फोंड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. आडनाव मात्र त्यांच्या परवानगीनं देते, कारण सगळा प्रश्न त्याचाच आहे. त्या लिहितात:

"आमचं आडनाव नाईक. धाकटी लेक यंदा पणजीला कॉलेजात गेली, हॉस्टेलवर राहते. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या एका मुलीनं विचारलं, 'नाईक म्हणजे कुठले नाईक? कोण तुम्ही?' हिला सांगता आलं नाही. रविवारी घरी आली ती तोच प्रश्न घेऊन, आणि मलाही उत्तर देता येईना. यजमानांनी मोबाईलवर शोधलं, तर एका ठिकाणी एक जात, दुसऱ्या ठिकाणी दुसरी, तिसऱ्या ठिकाणी 'देशात इतके लाख नाईक'. मामंजी म्हणतात, आपण राजाचे सरदार होतो. त्यांच्या वडलांच्या पोर्तुगीज कागदावर आडनाव काही वेगळंच दिसतं, त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आता यजमान म्हणतात, एखाद्या चांगल्या गावाचं नाव घेऊन त्याला 'कर' लावू आणि आडनावच बदलून टाकू, म्हणजे कोणी विचारणार नाही. फातर्प्याची देवी आमची कुलदेवता, दर पौषात जत्रेला जातो, एवढंच मला नक्की ठाऊक आहे. लेकीला काय सांगू? आणि आडनाव बदलावं का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे घरातला वाद निवेल. आडनाव बदलू नका. कारणं पुढे सांगतेच. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही 'एवढंच ठाऊक आहे' म्हणून उरकून टाकली आहे. फातर्प्याची देवी. तिच्याकडे मी परत येणार आहे.

झेरॉक्स काल रात्री भिंग घेऊन वाचली. जन्मनोंदीच्या वहीचं पान आहे, अक्षर उजवीकडे झुकलेलं, तिसऱ्या ओळीत तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव. आडनावातल्या 'क्यू'चं शेपूट खालच्या ओळीत उतरलं आहे आणि तिथेच कोणीतरी, बहुधा तुमच्या यजमानांनी, निळ्या पेनानं प्रश्नचिन्ह काढलं आहे. एन, ए, आय आणि मग क्यू, यू, ई. ताई, हे वेगळं आडनाव नाही. हा 'नाईक'च आहे, पोर्तुगीज कारकुनाच्या कानानं ऐकलेला. त्यांच्या लिखाणात 'के' हे अक्षर जवळजवळ नव्हतंच. 'क' लिहायचा तर 'सी' घ्यायचा नाहीतर 'क्यू-यू'. म्हणून जुन्या कागदांवर गावकरचं 'कर' 'सी'नं लिहिलेलं सापडतं आणि शेटचा 'श' 'एक्स'नं. कामतीचा नाकातला स्वर दाखवायला शेवटी 'एम' लावला, त्याचं 'कामोतिम' झालं. शेणैचं 'सिनाय', पैचं 'पोय', आणि आपल्या बोलीत परबू म्हणतात म्हणून प्रभूचं 'पोरोबो'. ही रूपं अजूनही कितीतरी घरांच्या पाट्यांवर आणि पासपोर्टांवर नांदतात. तेव्हा ते प्रश्नचिन्ह खोडून टाका.

त्याच पानावर आणखी एक जागा आहे. आई-वडलांच्या नावांपुढे 'नातुराल दी' असे दोन शब्द आहेत. म्हणजे 'मूळचे अमुक गावचे'. त्यापुढे गावाचं नाव यायला हवं, पण मूळ कागदाची घडी नेमकी तिथून गेली आहे आणि झेरॉक्समध्ये त्या जागी काळा पट्टा उमटला आहे. मी खूप ताणून पाहिलं, अक्षर लागलं नाही. मूळ कागद घरात असेल तर उन्हात धरून बघा. नसेल तर ज्या तालुक्यात नोंद झाली तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत त्या नोंदीचा पूर्ण उतारा मागा. जुनी माणसं त्याला 'तेओर' म्हणतात. संक्षिप्त दाखला मागू नका, त्यात या बारकाव्याला जागाच नसते. वही तिथे नसली तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा. ते दप्तर 1595 पासूनचं, दियोगु द कौतु याच्या हाताखाली सुरू झालेलं. तुमची नोंद त्या मानानं अगदी कालची आहे.

आता नाईक या शब्दाकडे वळू. संस्कृतात 'नी' म्हणजे नेणे, आणि जो नेतो तो नायक. बोलीत त्याचा नाईक झाला. पुढे असणाऱ्याला, चार माणसं ज्याच्या शब्दावर चालतात त्याला हे नाव. आणि ते मुळात कुळाचं नाव नव्हे, हुद्द्याचं आहे. शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ-दहा पाईकांवर एक नाईक असे, पाच नाईकांवर हवालदार, त्याच्यावर जुमलेदार. आजही भारतीय लष्करात ज्याच्या बाहीवर दोन पट्ट्या असतात तो नाईक, एक पट्टी असते तो लान्स नाईक. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज जमाखर्चातही 'नाइक' सापडतो, हाताखालच्या पायदळ शिपायांसकट, पगाराच्या आकड्यासह. दक्षिणेत विजयनगरच्या राज्यात हाच शब्द फार वर चढला. तिथे नायक म्हणजे मुलूख सांभाळणारा आणि त्याबदल्यात राजाला फौज पुरवणारा. पुढे केळदी-इक्केरी, मदुराई, तंजावर इथले नायक तर स्वतःच राजे झाले. नायडू आणि नायकर ही आडनावंही याच मुळाची.

म्हणजे दहा शिपायांचा म्होरक्या तोही नाईक आणि तंजावरचा राजा तोही नायक. एवढ्या लांब-रुंद शब्दावरून कोणाच्या घराण्याची जात ठरवायची म्हणजे 'पाटील' एवढं ऐकून माणसाचं गाव सांगण्यासारखं आहे.

मामंजींच्या 'राजाचे सरदार'बद्दल एक विनंती. ते खोटं आहे असं लेकीसमोर म्हणू नका, आणि तिला ते जसंच्या तसं हॉस्टेलवर सांगायलाही लावू नका. घराण्यातली आठवण पिढीगणिक एकेक पायरी वर चढते. मूळचा दहा माणसांचा नाईक चौथ्या पिढीत हजारांचा सरदार होतो. पण आठवणीच्या तळाशी काहीतरी असतंच. फोंड्याचंच बघा. हा मुलूख आदिलशाहीत होता, 1675 मध्ये फोंड्याचा किल्ला महाराजांनी घेतला, नंतर सौंध्याच्या राजांकडे गेला, अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे. एवढ्या धन्यांपैकी कुठल्याही धन्याच्या चौकीवर तुमचा कोणी पूर्वज नाईक असू शकेल. मामंजींना 'कोणत्या राजाचे?' असं विचारू नका, ते भांडणासारखं वाटेल. 'ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?' असं विचारा. सांगणाऱ्याचं नाव आलं की गावाचं नाव पाठोपाठ येतं.

मोबाईलवर तुम्हाला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली, ती का, तेही समजून घ्या. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गोव्यात भंडारी समाजात नाईक आडनाव फार मोठ्या संख्येनं आहे. गोव्याचे माजी मुख्यमंत्री, फोंड्याचे रवी नाईक आणि 1999 पासून उत्तर गोव्याचे खासदार असलेले श्रीपाद नाईक दोघंही त्या समाजातले. सारस्वतांत नाईक आहेत, मराठ्यांत आहेत. काळी नदी ओलांडून कारवारकडे गेलात की कोमारपंतांत आहेत, त्याहून खाली होन्नावर-भटकळला नामधारी नाईक. वर गुजरातेत सुरत-वलसाडकडच्या अनाविल ब्राह्मणांत नाईक हे आडनाव आहे. महाराष्ट्रात बंजारा तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात, सातपुड्याकडे भिल्लांच्या म्होरक्यालाही. 1857 मध्ये इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक त्यांच्यातले. 1832 मध्ये पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक रामोशी, त्यांचं मूळ आडनाव खोमणे. पेशवाईतले बारामतीचे सावकार बाबूजी नाईक मूळचे जोशी. फलटणच्या निंबाळकरांनी तर दोन्ही ठेवली, आधी नाईक आणि मग निंबाळकर.

ही यादी मी मुद्दाम लांबवली. खोमणे, जोशी, निंबाळकर या तिघांचं घर वेगळं, कूळ वेगळं, आणि तिघांच्या नावावर बसलेला शब्द एकच. नाईक ही वरून पांघरलेली शाल आहे. आतलं अंग वेगवेगळं.

आपल्या गोव्यात हे फार स्पष्ट दिसतं. इथे जुन्या घराण्यांची नावं बहुतेक दोन पदरांची. एक पदर हुद्द्याचा: प्रभू, देसाई, सरदेसाई, नाडकर्णी, नाईक. दुसरा गावाचा. मनोहर पर्रीकरांचं पूर्ण नाव मनोहर गोपाळकृष्ण प्रभू पर्रीकर. प्रभू हा हुद्दा, बार्देशातलं पर्रे हे गाव. पुढे लिहिताना कोणी एक पदर ठेवला, कोणी दुसरा. शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांनी काय लिहिलं, रजिस्टरात किती जागा होती, आजोबांनी घाईत काय सांगितलं, यावरही ते ठरलं. सख्ख्या भावांतला एक नाईक आणि दुसरा 'कर' अशी घरं मी पाहिली आहेत. तुमच्या घरात हुद्दा राहिला आणि गाव गळून पडलं. एवढंच घडलं असावं. त्यात कमीपणा कसला?

आकड्यांचं थोडक्यात सांगते. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 भरली. त्यातले नाईक किती, हे त्या जनगणनेच्या कुठल्याही तक्त्यात नाही, कारण आपल्याकडे आडनावांची मोजदाद प्रसिद्धच होत नाही. मोबाईलवर दिसणारे 'इतके लाख' हे आकडे इकडच्या तिकडच्या नावांच्या याद्यांवरून बांधलेले अंदाज असतात. त्यात आपला नाईक, ओडिशाचा नायक, कर्नाटकातला नायक कधी एकत्र मिसळलेले असतात, कधी इंग्रजी स्पेलिंग वेगळं म्हणून वेगळे काढलेले. त्या आकड्यावरून तुमच्या घराबद्दल काही कळणार नाही. मोजायचंच असेल तर निवडणुकीची मतदारयादी सगळ्यांना बघता येते. आपल्या भागाची यादी घ्या आणि लेकीला घेऊन एक दुपार बसा. नाईक कुठल्या वाड्यावर दाटीनं आहेत, कुठे एकुलतं एक घर आहे, ते डोळ्यांनी दिसेल. एकुलतं घर बहुतेक वेळा बाहेरून आलेलं असतं. ते तुमचंच निघालं तर तोही एक दुवा.

आता फातर्प्याची देवी.

ताई, फातर्प्याला दोन देवळं आहेत. एक श्रीशांतादुर्गा फातर्पेकरीण आणि दुसरी श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. तुम्ही दर पौषात नेमक्या कुठल्या देवळात ओटी भरता, ते पत्रात नाही. कदाचित तुमच्या मनात हा फरक कधी आलाही नसेल. सासूबाई नेतील तिथे आपण जातो, नारळ पुढे करतो. पण तुमचा अर्धा प्रश्न तिथे सुटण्याजोगा आहे.

कुंकळ्ळीकरीण ही मूळची कुंकळ्ळीची. 1583 मध्ये तिथे पोर्तुगीजांविरुद्ध उठाव झाला, त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीच्या मिषानं असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. त्या धामधुमीच्या काळात देवी फातर्प्याला आली ती आजतागायत तिथे आहे. मुक्काम फातर्प्याला, पण नाव कुंकळ्ळीचं. चारशे वर्षं होऊन गेली, देवीनं आडनाव बदललेलं नाही. दर वर्षी शिगम्याच्या दिवसांत तिची मिरवणूक कुंकळ्ळीला येते. बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या, बारा छत्र्या, लाल-पांढऱ्या, गुलालानं माखलेल्या. मी एकदा ती बघायला रस्त्याकडेला उभी होते. शेजारी एक ख्रिस्ती आजीबाई होत्या. छत्री समोरून गेली तसा त्यांनी हात जोडला आणि म्हणाल्या, "ही आमच्या वांगडाची." त्यांचं आडनाव पोर्तुगीज होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घ्यायची रीत होती, त्यात मूळ नाव गेलं. पण आपली छत्री कुठली, हे त्यांच्या घरानं चारशे वर्षं जपून ठेवलं होतं. ती दुपार मी विसरणार नाही.

तेव्हा आधी हे शोधा की तुमची देवी कुठली. कुंकळ्ळीकरीण असेल तर तुमच्या घराण्याचा धागा कुंकळ्ळी आणि त्याच्या आजूबाजूला शोधायला हवा. फातर्पेकरीण असेल तर दिशा वेगळी. देवळांच्या स्थलांतराचा हा इतिहास आपल्या गोव्यात फार कामी येतो. मंगेशीचा मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. देव जिथून निघाले तिथूनच पुष्कळदा माणसंही निघाली. यातली बरीच तुमच्याच फोंडा तालुक्यात विसावली. फोंड्यात राहणारं घर मूळचं फोंड्याचं असेलच असं नाही, ते यामुळे.

देवस्थानात गेलात की महाजनांची, म्हणजे देवळाचा कारभार पाहायचा हक्क असलेल्या घराण्यांची, यादी विचारा. गोव्यातल्या देवस्थानांना पोर्तुगीज काळापासून महाजनकीचा कायदा आहे, 1933 चा, आणि महाजनांच्या नावांची नोंदवही ठेवायची पद्धत आहे. तुमचं घराणं महाजनांपैकी असेल तर त्यात पूर्ण नाव मिळेल, गावासकट. नसलं तरी वाईट वाटून घेऊ नका. महाजन नसलेली हजारो कुळं त्याच देवीला कुलदेवता मानतात आणि तिच्यापुढे तेवढ्याच हक्कानं उभी राहतात. देवळात विचारायला जाल तेव्हा जत्रेच्या दिवसांत जाऊ नका, पुजाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. एखाद्या साध्या सोमवारी सकाळी जा.

गावकरीचंही विचारून बघा. मूळ गाव हाती लागलं तर तिथल्या कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेत, तुमच्या घराचं नाव आहे का, कधी कोणी झोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, घ्यायला जात असे का, हे जुन्या माणसांना आठवतं. 1526 च्या सनदेत पोर्तुगीजांनी त्या गावकऱ्यांचे रिवाज लिहून घेतले, तेव्हाही ते जुनेच होते. आणि घरच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढा. त्यात कूळ म्हणून कोण, शेजारच्या सर्व्हे नंबरात कोण, हे बघताना एखादा हरवलेला चुलत आजोबा सापडतो.

आता आडनाव बदलण्याबद्दल.

गोव्यात नाव-आडनाव बदलण्याचा स्वतंत्र कायदा आहे, 1990 चा. रीतसर अर्ज द्यायचा, सूचना प्रसिद्ध व्हायची, कोणाची हरकत येते का ते पाहायचं. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ते जरूर करावं, त्यात गैर काही नाही. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं आणि त्यांच्या लेकींनी ते जगभर गाजवलं. पण ते त्यांचं स्वतःचं गाव होतं. तुमचे यजमान म्हणतात ते गाव तुमचं आहे का, हे अजून कोणालाच माहीत नाही. केवळ कानाला बरं वाटतं म्हणून घेतलेलं गाव उद्या त्या गावच्या माणसानं विचारलं की आणखी अडचणीत टाकील. 'कुठल्या वाड्यावर घर तुमचं?' याला काय सांगणार?

आणि कागदांचं ओझं. लेकीची दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, आधार, बँक, उद्या पासपोर्ट. तुमचा लग्नाचा दाखला. मामंजींच्या नावावरची जमीन. यातल्या प्रत्येक ठिकाणी नवं आडनाव जुन्याला जोडून दाखवावं लागेल. मी हे अनुभवलं आहे. माझ्या आईचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं, एक पोर्तुगीज, एक इंग्रजी, एक मराठीवरून कोणीतरी केलेलं. वडील गेल्यावर तिची कुटुंब-पेन्शन दोन वर्षं अडून राहिली. एका कचेरीतला माणूस दर खेपेला म्हणायचा, "या तिघी एकच आहेत हे कशावरून?" ती बाई त्याच्यासमोर खुर्चीत बसलेली असायची. शेवटी प्रतिज्ञापत्रं झाली, सरपंचांचा दाखला झाला आणि पैसे मिळाले. पण त्या दोन वर्षांत तिला स्वतःचं नाव उच्चारायची भीती बसली. म्हणून यजमानांचा उत्साह मला समजतो, तरी सांगते की तो स्पेलिंगवर खर्च करा. घरातल्या जिवंत माणसांचं आडनाव सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहिलेलं आहे ना, ते तपासा. आजेसासऱ्यांच्या कागदाला हात लावायची गरज नाही. पुढेमागे वारसाहक्काच्या कामात लागलंच तर दोन्ही रूपं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र वकील करून देतील.

जातीच्या दाखल्याचाही विषय तुमच्या मनात असेल, पत्रात तुम्ही लिहिला नसला तरी. तो आडनावावर मिळत नाही आणि आडनावानं जातही नाही. त्याला घरातल्या जुन्या नोंदी लागतात. मोबाईलवर वाचलेल्या माहितीवरून त्याबाबत काहीही ठरवू नका.

आणि लेक. खरं तर हे सगळं तिच्यासाठीच चाललं आहे.

'कुठले नाईक' या प्रश्नात दोन प्रश्न असतात. आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचाच येतो. बसमध्ये, लग्नात, इस्पितळाच्या रांगेत, 'तू खंयचो?' हे विचारल्याशिवाय गोवेकराचं बोलणं पुढे सरकत नाही. त्यात आपुलकी असते. गाव सांगितलं की समोरचा म्हणतो, तिथे माझी मावशी दिली आहे, आणि ओळख निघते. हा पहिला प्रश्न. 'कोण तुम्ही?' हा दुसरा, आणि त्यात जात विचारलेली असते. लेकीला सांगा, पहिल्याचं उत्तर मोकळेपणानं द्यायचं: "आम्ही फोंड्याला राहतो, कुलदेवता फातर्प्याची, मूळ गाव शोधतोय." एवढं पुरेसं आहे आणि ते शब्दशः खरं आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायला ती बांधील नाही. तिनं शांतपणे म्हणावं, "नाईक हा हुद्दा आहे, तो सगळ्या समाजांत होता." मग विषय तिनंच बदलावा. आवाज चढवायची गरज नाही. विचारणारी मुलगीही अठरा-एकोणीस वर्षांचीच आहे, तिच्या घरात जे ऐकलं ते तिनं विचारलं. पुढच्या रविवारी तिलाही जेवायला घेऊन ये, असं लेकीला सांगितलंत तर मला फार आनंद होईल.

एक काम मात्र लवकर करा. मामंजींचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण त्यांच्या वडलांची नोंद पोर्तुगीज वहीत आहे म्हणजे अंदाज येतो. त्यांच्याशी बोलायला लेकीलाच बसवा, सुनेपेक्षा नातीला ते जास्त सांगतील. फोनवर आवाज टिपून ठेवू दे. इतिहास विचारला की म्हातारी माणसं सरदारांच्या गोष्टी सांगतात, म्हणून रोजच्या व्यवहारातलं विचारायचं. चवथीचा गणपती पूर्वी कुठल्या घरी पूजायचा, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान कोणाकोणाकडून यायचं. लग्नाची पहिली अक्षत कोणत्या देवाला द्यायची. आजीचं माहेर कुठलं. वडील कामासाठी फोंड्याला आले तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या ओसरीवर उतरले.

आणि सगळ्यात आधी हे विचारायचं की सुतक कोणाकोणाचं पाळतो. मोबाईलवर यातलं काही मिळायचं नाही. लांबच्या गावातलं कोणी गेलं आणि इथे तुमच्या घरी दहा दिवस देवपूजा बंद राहिली, असं त्यांच्या लहानपणी कधी घडलं असेल. ती घरं तुमचे भाऊबंद. त्या घरांचं आडनाव आज काय आहे, त्यांनी पुढे गाव लावलं का, हे कळलं की काळ्या पट्ट्याखालचा शब्दही वाचता येईल.

झेरॉक्स परत पाठवते आहे. मागच्या बाजूला 'नातुराल दी' ही ओळ कुठे आहे ते पेन्सिलीनं खूण करून ठेवलं आहे. मामंजींना सकाळच्या चहानंतर विचारा, दुपारी माणूस थकलेला असतो. आणि देवी कुठली ते कळलं की मला दोन ओळी टाका.